तिकीट नसलेल्या दोन संध्याकाळी

खुल्या मैदानावर दोन संध्याकाळी गाणं-बजावणं ठेवायचं आणि प्रवेश मोफत, एवढं ठरवताना आमच्या मंडळाच्या बैठका संपता संपेनात. एक गट वीस रुपये तिकिटाचा होता. 'फुकट दिलं की किंमत राहत नाही' हे त्यांचं पालुपद. दुसऱ्या बाजूला एकटे तात्या. तात्या रेल्वेतून निवृत्त झालेत, पण आवाज अजून फलाटावरचा.

"तिकीट लावायचं म्हणजे चारी बाजूंनी पत्रं मारा, दारात पोरं उभी करा, आणि पत्र्याच्या फटीतनं बघणाऱ्याला हाकला. कोण हाकलणार? तुम्ही?"

कोणी बोलेना, तेव्हा ते माझ्याकडे वळले. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, त्यामुळे मंडळाची वही माझ्याकडेच असते. पत्रे, फाटक, तिकिटांची छपाई, दारावरच्या माणसांचं जेवण असं सगळं तिथल्या तिथे मांडून दाखवलं. वीस रुपयांतून जे आलं असतं ते वीस रुपये गोळा करण्यातच गेलं असतं. मोफत ठरलं ते असं, हिशेबाने. उद्घाटनाच्या भाषणात आमच्या अध्यक्षांनी 'कला सर्वांसाठी' वगैरे म्हटलं, ते त्यांना नंतर सुचलेलं.

मोफत गाणं ही आमच्या भागात काही नवलाई नाही. मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबरही तिथेच आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं असतं. दोन्हीकडे तिकीट नाही. पण तिथे येणारा माणूस गाण्याला येण्याआधी दर्ग्याला किंवा देवीला आलेला असतो. चप्पल काढतो, खाली बसतो, आणि एकदा बसला की चट्कन उठत नाही. मैदानावर तसं काहीच नसतं. भेळ खायला आलेला माणूस दोन मिनिटं रेंगाळतो आणि नाही रंगलं की गाडीला किक मारतो. पैसे दिलेला निदान पैसे वसूल होईपर्यंत बसतो, याला तोही धरबंध नाही. पुढचा प्रत्येक निर्णय आम्ही या किक मारणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून घेतला, आणि मला विचाराल तर मोफत कार्यक्रमात खरी मेहनत तीच आहे. परवानग्या काय, मिळतात.

तारीख ठरवणं सोपं गेलं, कारण मोकळी तारीख फारशी उरतच नव्हती. नोव्हेंबरात 5 तारखेला रंगभूमी दिन, म्हणजे सांगलीतला नाटकाशी संबंध असलेला प्रत्येक माणूस विष्णुदास भावे पदकाच्या गडबडीत. मग लग्नसराई, मंडपवाला फोन उचलत नाही. फेब्रुवारीनंतर हळदीचे सौदे जोरात आणि दहावी-बारावीच्या परीक्षा. पावसाळ्यात मैदान आपलं नसतं, कृष्णेचं असतं. उरला जानेवारी.

जागेचं मात्र घोडं अडलं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. वाचायला साधं वाटतं. सांगली-मिरजेत दवाखाना नसलेलं शंभर मीटरचं वर्तुळ शोधून दाखवा! डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशनचं रुग्णालय काढलं, तेव्हापासून इथे कर्नाटकातूनही पेशंट येतात, आणि आता तर दोन्ही गावांत गल्लोगल्ली डॉक्टरांच्या पाट्या. आम्हाला आवडलेलं पहिलं मैदान प्रसूतिगृहाला चिकटून होतं. दुसऱ्याच्या मागे नुकतंच डायलिसिस सेंटर उघडलेलं. शेवटी नदीच्या बाजूला, जरा खोलगट भागातलं एक मैदान मिळालं. त्याच्या भिंतीवर 2019 च्या पुराची मातकट रेघ अजून दिसते. त्या वर्षी आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे 45 फूट. वायरमनने विजेची पेटी बघितली आणि ती उघडायलाही नकार दिला. "ह्यातनं लाइन घेऊ नका, मालक. तात्पुरता मीटर घ्या, जनरेटर ठेवा, आणि अर्थिंग माझ्यासमोर करा." ऐकलं त्याचं.

परवान्यांची फिरवाफिरवी सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. एका खिडकीवर सांगितलं की आधी जागेची पावती आणा, जागेच्या खिडकीवर सांगितलं की आधी त्यांचं ना हरकत आणा. यावर उपाय एकच. दोन्ही अर्ज एकाच सकाळी टाकायचे आणि एकाची पोच दुसऱ्याला जोडायची. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, एवढं अडतीवरच्या नोकरीने शिकवलंय. बाकी अग्निशमन, वाहतूक, महावितरण हे सगळं वेळ खाऊन का होईना, झालं. मुलांच्या नाटुकल्यासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधीच असलेली संहिता घेतली, म्हणजे तो एक फेरा वाचला.

खरा वाद पेटला तो गाण्यांच्या हक्कांवरून. "मोफत आहे म्हटल्यावर कसले हक्क?" असं बहुतेकांचं म्हणणं होतं. आमच्यातल्या वकिलीणबाईंनी 1957 चा कॉपीराइट कायदा उघडून कलम 52 वाचून दाखवलं. सादर करणारी संस्था हौशी असेल आणि प्रेक्षकांकडून पैसे घेतले जात नसतील, तर नाटक, साहित्य, संगीत सादर करायला मुभा आहे. दोन्ही अटी एकदम लागतात. शाळेच्या मुलांचा गट, आमचं स्वतःचं मंडळ इथवर ठीक. पण रीतसर पैसे घेणारा सिनेसंगीताचा ऑर्केस्ट्रा मंचावर चढला की नुसत्या 'मोफत'ने भागत नाही. गीत आणि चालीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना, आणि मूळ रेकॉर्ड वाजवायची असेल तर रेकॉर्डच्या हक्कदारांचा वेगळा. खर्च बघून ऑर्केस्ट्रा गळाला. मला त्याचं फारसं दुःख झालं नाही. तीच गाणी लोक रोज रिक्षात ऐकतात.

सुटका केली ती जुन्या माणसांनी. लेखक गेल्यावर 60 वर्षांनी त्याच्या लिखाणाचे हक्क संपतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच, ते 1948 साली गेले. त्यांच्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले 1922 साली आणि गोविंदराव टेंबे 1955 साली. तुकोबांचं आणि एकनाथांचं तर विचारायलाच नको. नाट्यपदं, अभंग, भारूड, शास्त्रीय, हलगी, धनगरांचा गजी नाच असा कार्यक्रम उभा राहिला. बालगंधर्वांचं नागठाणं याच जिल्ह्यातलं, पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्षही याच जिल्ह्यातलं. मंचावर काय ठेवायचं याची ददात इथे नव्हतीच कधी.

हक्कांच्या भानगडीत एक गोष्ट मात्र अशी निघाली की तिने कार्यक्रमाचा सगळा आराखडा बदलला. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत पेनड्राइव्हवरची गाणी लावायची नाहीत असं ठरलं. साउंडवाला पोरगा हिरमुसला. "मग मधी काय वाजवू? शांतता?" प्रश्न बरोबर होता. शास्त्रीय गायनाची बैठक मांडायची म्हणजे तंबोरे जुळवणं, तबला लावणं, माइक ठेवणं यात वीस मिनिटं सहज जातात, आणि या वीस मिनिटांतच आमचा तो माणूस किक मारतो. यावर तात्यांनी तोडगा काढला. मंचासमोर, थोडं डाव्या अंगाला, चुन्याने एक रिंगण आखायचं. मंचावर मांडामांड चालू असताना रिंगणात हलगी, गजी, मुलांचं लेझीम. मंचावरचं संपलं की लगेच रिंगण, रिंगण संपलं की लगेच मंच. रिंगणाला माइक नको, दिवे दोनच, आणि पोरं अगदी चुन्याच्या रेघेला पाय लावून बसतात.

कलाकारांच्या मानधनावरून जे ऐकायला मिळालं त्याचा राग अजून गेलेला नाही. प्रेक्षकाला फुकट म्हणजे कलाकारालाही फुकट, असं धरून चालणारी माणसं भरपूर आहेत. वर्गणीसाठी ज्यांच्याकडे गेलो त्यांतले एक म्हणाले, "त्यांना स्टेज मिळतंय की राव, आणखी काय पाहिजे?" मंडपवाल्याला, जनरेटरवाल्याला, खुर्चीवाल्याला स्टेज मिळतंय म्हणून कोणी पैसे कापत नाही. वहीत मी बिदागीचं पान पहिलं घेतलं आणि वर्गणी जशी येईल तशी आधी ते पान भरलं. मंडपाचं पान शेवटी. त्यामुळे कमान साधी झाली, आणि आपला फोटो कमानीवर लागणार नाही हे कळल्यावर दोघा-तिघांची आश्वासनं हवेत विरली. मंचाच्या मागच्या पडद्यावर कोणाचंही फ्लेक्स नाही हे मात्र शेवटपर्यंत टिकवलं. देणगीदारांची नावं एका फळ्यावर खडूने लिहून प्रवेशाशी ठेवली. एका देणगीदाराचं नाव पोरांनी पहिल्याच संध्याकाळी पुसलं आणि तिथे मांजर काढलं. ते गृहस्थ हसले, नशीब.

गजीचा संघ जतच्या बाजूचा. सुपारी द्यायला गेलो तेव्हा त्यांचे म्होरके, सगळे त्यांना आण्णा म्हणत होते, त्यांनी चहा पाजला आणि दोनच अटी घातल्या. "पैसं वाजवायच्या आधी. जेवाण वाजवल्यावर." दुसरी अट का, ते मी विचारलं. "भरल्या पोटी गजी हुईत न्हाई, दिवाणजी. गडी ढेकर देतुया का उडतुया?"

आवाजाच्या बाबतीत आमच्या साउंडवाल्या पोराचं कौतुक करायला हवं. बिचाऱ्याची हयात मिरवणुकांत गेलेली. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही मर्यादा, आणि लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून फार तर 10 जास्त, असं नियमात आहे. म्हणजे कुंपणापाशी 65. हा आकडा ऐकून तो आधी हसला. मग म्हणाला, पुढे दोन मोठे बॉक्स लावून मागच्यांना ऐकवायला गेलं की पुढच्यांचे कान फाटणार आणि आवाज कुंपणापलीकडे जाणार. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबल पडतो, म्हणून पुढे जेवढा लागतो त्याच्या किती तरी जास्त सोडावा लागतो. त्यापेक्षा छोटे बॉक्स मैदानभर थोड्या थोड्या अंतराने लावू, तोंडं आत वळवू, आणि प्रत्येकाचा आवाज कमी ठेवू.

लावले. तपासणीच्या वेळी मागे जाऊन उभा राहिलो तर हार्मोनियमचा प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत होता. एकदा जवळच्या बॉक्समधून आणि जरा मागाहून मंचाकडून. मला वाटलं वायर सैल आहे. पोरगा लॅपटॉप घेऊन चालत आला. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, तारेतून मात्र तत्काळ येतो. मंचापासून चौतीस मीटरवरच्या बॉक्सला शंभर मिलिसेकंद थांबवलं की दोन्ही एकदम पोचतात. त्याने पावलांनी अंतर मोजलं, आकडे घातले, आणि मी उभा होतो तिथेच दुसरा सूर पहिल्यात मिसळून गेला. गाणं थेट मंचावरून यायला लागलं, कानाजवळचा बॉक्स वाजतोय हे कळेना. हे ज्याला जमतं त्याला गणपतीत नुसता दणदणाट करायला लावतात, याचं वाईट वाटतं.

पहिल्या संध्याकाळी साडेपाचला हलगीने सुरुवात. हलगी, घुमकं, कैताळ. गर्दी जमवायला याच्यासारखं काही नाही, आसपासच्या गल्ल्यांतून पोरं धावत आली. पण त्याआधी एक प्रकार घडला. नदीकाठची जानेवारीची हवा, ऊन उतरताच गारठा आणि दमट. हलगीचं कातडं ओल धरून ढिलं पडलं, म्हणून वाजवणाऱ्यांनी मंडपामागे जुने कागद आणि उसाचं पाचट पेटवलं आणि हलग्या शेकायला घेतल्या. कनातीपासून चार हातांवर जाळ! अग्निशमनचा माणूस जो धावला, हातात वाळूची बादली. "अहो मामा, कापड आहे इथं!" मामा शांतपणे हलगी फिरवत होते. बोटाने टिचकी मारली, कानाशी धरली, परत जाळावर धरली. "कापाड राहू द्या, आदी हिला बोलू द्या." तोडगा असा निघाला की जाळ मैदानाच्या मोकळ्या कोपऱ्यात हलला, तिथे एका पत्र्याच्या डब्यात पेटला, आणि अग्निशमनचा तोच माणूस दोन्ही दिवस डब्यापाशी शेकत बसला.

हाच दमटपणा नंतर तबल्याला भोवला. गायिका काळी चारच्या पट्टीत गाणाऱ्या. तबला आतल्या खोलीत पक्का लावून आणलेला. मंचावर येऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच उतरायला लागला. तबलजी दर दोन आवर्तनांनी हातोडीने गट्टे ठोकत होते. त्यात डोक्यावरचे दिवे एका बाजूने तापवत असल्यामुळे पुडीची एक बाजू चढायची आणि दुसरी उतरायची. मग कोणीतरी दिवा वळवला आणि मंचाच्या मागच्या बाजूने ताडपत्री ओढून घेतली. तंबोऱ्यांचंही तेच. बाईंनी मात्र कमाल केली. मोठा ख्याल बाजूला ठेवला, मध्यलयीतली बंदिश घेतली आणि लहान मुलांना सरळ विचारलं, "मी म्हणते तसं म्हणाल का रे?" दोन-तीन सोप्या सरगमी म्हणून घेतल्या. मैदानातल्या पोरांनी आईच्या मांडीवरून 'सा' लावला. गाण्यातल्या जाणकारांपैकी एकाने माझ्याजवळ नाक मुरडलं, ख्याल नाही म्हणून. त्यांना मी मिरजेच्या सभेची तारीख सांगितली.

बसण्याच्या व्यवस्थेत पहिल्याच दिवशी बदल करावा लागला. समोर खुर्च्यांच्या ओळी होत्या. पुढच्या ओळी रिकाम्या, आणि माणसं सगळी मागे, मोटारसायकलींना टेकून. पुढे बसलं की उठता येत नाही, म्हणून मोफत कार्यक्रमाला कोणी पुढे बसत नाही. त्यातून पुढच्या खुर्च्या म्हणजे पाहुण्यांच्या, असाही समज. मंडपवाल्या भावजींना सांगून पुढच्या खुर्च्या उचलल्या आणि जाजम अंथरलं. जाजमावर आधी पोरं आली, लोळली, कोलांट्या मारल्या. पोरांच्या मागे आया आल्या, आयांच्या मागे आज्या, आणि आज्या बसल्यावर बाप लोकांना मागे उभं राहून कंटाळा आला. भडंगाचे पुडे फिरायला लागले. आठच्या सुमाराला एकदम निम्मं मैदान उठलं तेव्हा पोटात गोळा आला, पण ती जेवायची वेळ होती. जवळपासची कुटुंबं घरी जाऊन जेवून परत आली, काही जण तर उरलेली भाकरी-पिठलं डब्यात घालून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी आम्ही आठ ते पावणेनऊ हा वेळ मुलांच्या नाटुकल्याचा काढून भारुडाला दिला. भारूड मध्येच येऊन बघितलं तरी समजतं.

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या कोपऱ्याबद्दल आधी कोणाला फारशी आशा नव्हती. एक टेबल, त्यावर पंढरपूरच्या बाजूचा वाळवलेला भोपळा, अर्धवट झालेला तंबोरा आणि हत्यारं. मंचापासून दूर, झाडाखाली. दोन्ही दिवस सगळ्यात जास्त वेळ माणसं थांबली ती तिथे. कारागीर काका मुलांना भोपळा हातात द्यायचे. एवढा मोठा भोपळा इतका हलका कसा, याचं प्रत्येक पोराला आश्चर्य. मग तार छेडायला लावायचे. टण्ण, कोरडा आवाज. "आता हा दोरा बघ." घोडीवर, तारेखाली, सुती दोऱ्याचा बारीक तुकडा. एका सात-आठ वर्षांच्या मुलीच्या बोटाने त्यांनी तो दोरा तसूभर सरकवला. "आता छेड." तीच तार भणाणली आणि बराच वेळ बोलत राहिली. मुलीने दोरा मागे सरकवला, पुन्हा पुढे आणला, पुन्हा मागे. रांगेत उभी पोरं ओरडायला लागली तरी ती जागची हलेना. जवारी यालाच म्हणतात, पण काकांनी तो शब्द तिच्या बापाला सांगितला, तिला नाही.

त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार आणि झिलई करणारे. राज्यं गेली, तलवारींचं काम संपलं, आणि मिरजेत गवयांची ये-जा वाढली होती. मोडलेली वाद्यं दुरुस्त करता करता घराणीच्या घराणी तंबोरे-सतारी करायला लागली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी विचारलं, मानांकनाने धंद्यात फरक पडला का? काका भोपळ्यावर हात फिरवत म्हणाले, "नाव झालं. पोरं शिकायला बसली पायजेत, ते मानांकन कोण देणार?"

दुसऱ्या दिवशीची गजी लोक अजून काढतात. पांढरी धोतरं, अंगरखे, फेटे, हातात रंगीत रुमाल. ढोलाच्या ठेक्यावर सगळे गडी एकदम वळायचे तेव्हा चुन्याची रेघ पायांनी पुसून धूळ दिव्यांच्या उजेडात चढायची. आण्णा रिंगणाच्या मधोमध, वय साठीच्या पुढे, आणि त्यांच्या उडीत कुठे वय दिसेना. मंचावर नाट्यपदांची बैठक लागून तयार झाली तरी रिंगण थांबेना. मी घड्याळ दाखवलं, त्यांनी रुमाल दाखवला. आठ-दहा मिनिटं जास्त गेली. ती कुठून भरून काढायची हे हार्मोनियमवाल्यांनीच ठरवलं. सुरुवातीची नांदी गाळून थेट पदाला हात घातला.

रात्री दहाला लाउडस्पीकर बंद हा नियम. सरकारने ठरवून दिलेल्या काही दिवसांना बारापर्यंत सूट असते, वर्षाला जास्तीत जास्त 15, पण आमचा दिवस त्यांत नव्हता. बंदोबस्ताला आलेले हवालदार गाण्याचे शौकीन निघाले. पावणेदहाला मंचाच्या पायरीशी येऊन उभे राहिले, बोटाने घड्याळाकडे खूण केली आणि तिथेच मान डोलवत थांबले. भैरवी संपायच्या बेताला बरोबर दहा झाले. साउंडवाल्याने माइक बंद केला, आणि शेवटची ओळ बाईंनी माइकशिवाय म्हटली. पुढच्या जाजमावर ऐकू आली, मागे नाही. मागच्यांनी टाळ्या वाजवल्या त्या पुढच्यांचं बघून.

मग वाढपी झालो. गजीच्या गड्यांना आमटी-भात आणि जिलेबी. आण्णांनी पाकीट आधीच घेतलं होतं, तरी जेवून उठताना परत विचारलं, "हिशोब पुरा झाला न्हवं?" पुरा झाला होता. बिदागीच्या पानावर सगळ्यांच्या सह्या, कोणाही कलाकाराचं देणं बाकी नाही. मंडपवाल्या भावजींचे थोडे राहिले होते, ते सौदे सुरू झाल्यावर वर्गणीतून दिले.

पुढच्या वर्षासाठी दोन गोष्टी वहीत लिहून ठेवल्यात. एक, बायकांसाठीची फिरती स्वच्छतागृहं मैदानाच्या अंधाऱ्या टोकाला लावली गेली होती, कारण मंचाशेजारी ती 'बरी दिसत नाहीत' असं आमच्यातल्याच काही जणांचं मत. नऊनंतर तिकडे एकटी बाई जायला तयार नव्हती, आणि लेकराला घेऊन घरी गेलेल्या बऱ्याच जणी परत आल्या नाहीत. पुढच्या वेळी ती प्रवेशाच्या उजेडात, कोणाला दिसायला आवडो न आवडो. दुसरं, तंबोऱ्याचं टेबल हलगीपासून आणखी लांब हवं. काकांनी तेवढं एकच सांगितलं, आणि आण्णांनी फोनवर सांगितलं की तारीख दिवाळीच्या आत कळवा, नंतर जत्रा लागतात.